रस्त्याचं चित्र, मोजक्या फटकाऱ्यांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन मंडईत जातो, पण भाजीसाठी नाही. पिशवीत दोन बोर्ड, सात ट्यूबा, तीन ब्रश आणि पुसायला एक जुनी बनियन असते. शेजारी येऊन उभे राहणारे लोक आणि सोबत चित्र काढायला येणारी मंडळी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. उदाहरणं पुण्याच्या मंडईची आहेत, कारण तो परिसर माझ्या रोजच्या पाहण्यातला आहे. तुम्ही तुमच्या गावातला एसटी स्टँडसमोरचा चौक घ्या, काही बिघडत नाही.

एवढ्या गर्दीच्या जागेचं साधं चित्र कसं निघणार? एखादी शांत गल्ली बरी नाही का?

शांत गल्लीत गाळण्यासारखं फारसं नसतं, म्हणून ती वाटते तितकी सोपी नाही. पणजीचं फोंतेन्हास घ्या. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, पांढऱ्या कडा, कौलं. सगळं आधीच कुणीतरी नीट मांडून ठेवल्यासारखं. तिथं बसलं की हात आपोआप पोस्टकार्ड काढायला लागतो.

मंडईचं तसं नाही. मधली इमारत 1886 सालची. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला आधी रे मार्केट म्हणायचे, पुढे महात्मा फुले यांचं नाव दिलं गेलं. काळा दगड, अष्टकोनी मध्यभाग, त्यावर टोकदार मनोरा. मागे हा एक भक्कम, गडद, ओळखू येणारा आकार आणि पुढ्यात नुसता गोंधळ: हातगाड्या, स्कूटर, पोती, छत्र्या, माणसं. मागचा आकार एवढा ठाम असला की पुढच्या गोंधळाचं काहीही केलं तरी जागा ओळखू येते.

तपशील गाळायचे हे कळलं. पण कोणते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते तो उलटा आहे. काय गाळायचं हे ठरवायला बसलात तर काहीच गळत नाही. प्रत्येक खिडकी, प्रत्येक पाटी ‘मला ठेवा’ म्हणते. त्याऐवजी आपण इथं कशासाठी थांबलो ते आधी ठरवा. एकच गोष्ट. मग बाकीचं तिच्या सोयीनं बसवा.

एक उदाहरण सांगतो. मार्च महिना, सकाळी साडेआठची वेळ. एका भाजीवाल्या मावशींनी डोक्यावर निळी ताडपत्री बांधली होती. ऊन ताडपत्रीतून खाली उतरलं की निळं होऊनच येतं, त्यामुळे खालचे टोमॅटो जांभळट आणि कोबी निळसर दिसत होता. पण ताडपत्रीला एक भोक होतं. त्यातून तळहाताएवढं खरं ऊन थेट लिंबांच्या ढिगावर पडलं होतं. मी थांबलो ते त्या तळहातासाठी.

मग मनोरा, बाल्कन्या, स्कूटर, टोमॅटो, खुद्द मावशी, सगळं निळसर करड्याच्या दोन-तीन छटांत एकमेकांना चिकटवून टाकलं. लिंबं मात्र घट्ट पिवळ्या रंगात, मोजून सहा फटकारे. मावशींनी वाकून पाहिलं. म्हणाल्या, “लिंबं एवढी मोठी, अन् मी कुठंय?” मी मागचा गडद डाग दाखवला. “बरं, पदर तरी हिरवा करा.” केला. त्या हिरव्याशेजारी लिंबं आणखी उजळली, त्यामुळे त्या चित्रातला एक चांगला निर्णय माझा नाही.

दुसरी गोष्ट सावल्यांची. डोळे किलकिले करून पाहिलं की गाडीखालची सावली, शेजारच्या पोत्याची सावली आणि मागच्या ओट्याखालचा अंधार या तीन गोष्टी राहत नाहीत, एकच मोठा गडद आकार होतो. तो एकच आकार म्हणून रंगवा. आत कोण आहे, काय आहे हे सांगायची घाई करू नका. नवख्याचं चित्र विस्कळीत दिसतं ते बहुतेक वेळा सावल्या सुट्या-सुट्या काढल्यामुळे.

थेट कॅनव्हासवर सुरुवात करू का?

करू नका. आधी काडेपेटीएवढ्या चौकटीत तीन-चार कच्ची स्केचेस करा, एकेकाला दोन मिनिटं. जाड काळं मार्कर, एक करडं मार्कर आणि कागदाचा पांढरा, एवढ्या तीनच छटा. ऊन पडलंय ते पांढरं, सावलीतलं काळं, उरलेलं करडं. काडेपेटीत खिडकीची जाळी मावतच नाही, हाच तिचा फायदा.

त्यातलं जे स्केच हात लांब करून धरल्यावरही चटकन कळतं ते घ्या. चारही फसली तर जागा बदला. मी कित्येकदा काडेपेट्याच काढून, भाजी घेऊन घरी आलोय.

तैलरंग घेऊ की अ‍ॅक्रिलिक?

हातात जे आहे ते घ्या, पण दोघांचे स्वभाव ओळखून.

अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडून गेलं की रंग सुकला. पुण्यातल्या एप्रिलच्या उन्हात पॅलेटवरचा रंग दहा-पंधरा मिनिटांत साय धरतो. उपाय घरातच आहे: झाकणाचा चपटा डबा, तळाशी ओला टिश्यू पेपर किंवा पातळ स्पंज, त्यावर बटर पेपर. रंग बटर पेपरवर काढायचे, मधे थांबलात तर झाकण लावायचं. अ‍ॅक्रिलिकची दुसरी खोड अशी की ते सुकल्यावर थोडं गडद होतं. ओलं असताना त्यातलं माध्यम (रंगाची पूड धरून ठेवणारा द्रव) दुधाळ असतं, सुकताना ते पारदर्शक होतं आणि दुधाचा पांढरेपणा निघून जातो. म्हणून आकाश आणि उन्हातल्या भिंती हव्यात त्यापेक्षा जराशा उजळच मिसळा.

तैलरंग सुकतो तो तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन. त्याला दिवस लागतात, जाड थराला आठवडेही. याचाच फायदा घ्यायचा. दुपारपर्यंत रंग ओलाच असतो, त्यामुळे माणूस आणि त्याची सावली यांच्यामधली कडा बोटानं पुसून टाकता येते. रस्त्याच्या चित्रात अशा हरवलेल्या कडा फार कामाला येतात. नियम एकच पाळा: खालचे थर टर्पेंटाइननं पातळ केलेले, वरचे थर जास्त तेलाचे. उलट झालं तर वरचा थर आधी सुकतो आणि खालचा हलत राहतो, मग भेगा पडतात. घाई असेल तर खालचा थर अ‍ॅक्रिलिकचा आणि वर तैलरंग चालतो. तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक मात्र कधीही नाही. ते धरून राहत नाही.

आणि एक गोष्ट गंमतीवारी घेऊ नका. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापून पेटू शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

किती रंग लागतील?

सात: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), लाल (कॅडमियम किंवा त्याचा स्वस्त पर्याय), क्रिमसन (किरमिजी), अल्ट्रामरीन (गडद निळा). पांढरा मोठ्या ट्यूबमध्ये घ्या, तोच आधी संपतो. काळा आणू नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की काळ्याच्या जवळचा गडद मिळतो आणि प्रमाण बदलून तो थंड किंवा उबदार करता येतो. त्यात पांढरा घातला की मंडईच्या दगडाचा, डांबराचा आणि धुळीचा असे तिन्ही करडे त्यातूनच निघतात.

ब्रश मोठे घ्या. एक इंची फ्लॅट (चपटा), हॉग हेअरचा (डुकराच्या राठ केसांचा) बारा नंबर आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी एक लहान. लहान ब्रश मी पिशवीच्या तळाशी ठेवतो, सहज हाती लागू नये म्हणून. बोर्ड 10 × 12 इंची पुरे. एमडीएफच्या तुकड्यावर गेसोचे (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात दिलेत तरी छान चालतं.

एका बैठकीत चित्र कसं पुरं होतं? क्रम सांगाल का?

माझी बैठक दीड तासाची, कारण त्यानंतर उजेड वेगळाच होतो.

पांढरा बोर्ड घरूनच बर्न्ट सिएनाच्या पातळ हातानं रंगवून नेतो. पांढऱ्यावर काहीही लावलं तरी गडद वाटतं आणि अंदाज चुकतो, तांबूस बोर्डावर तो प्रश्न येत नाही. शिवाय फटकाऱ्यांच्या फटींतून तो तांबूस रंग डोकावतो आणि चित्राला जमिनीची ऊब येते. पहिली दहा मिनिटं पातळ रंगानं पाच-सहा मोठे आकार आखायचे: आकाश, मनोरा, डावीकडची इमारत, उजवीकडची इमारत, रस्ता, गर्दीचा पट्टा. पुढची वीस मिनिटं फक्त सावल्या, सगळ्या एका दमात. सूर्य सरकला तरी आता त्यांना हात लावायचा नाही. हे कठीण जातं, कारण समोर सावली हललेली दिसत असते आणि हात शिवशिवतो. मग उन्हातले आकार, जाड रंगात. मग आकाश, कारण मनोऱ्याची कडा आकाशाच्या रंगानं आत-बाहेर कापता येते.

एव्हाना तासभर झालेला असतो. इथं मी चहा घेतो. चहा हा खरोखर क्रमातला भाग आहे. दहा पावलं लांबून, पेला हातात धरून पाहिलं की चूक दिसते. परत आल्यावर दोन-चार ठळक उजळ फटकारे, लहान ब्रशचे चार ठिपके आणि बंद.

यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) कच्चं आहे. जमेल का?

फुटपट्टीची गरज नाही, डोळ्याच्या पातळीची रेषा तेवढी चुकवू नका. सपाट रस्त्यावर उभं राहून पाहिलंत तर साधारण तुमच्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, त्याच एका रेषेवर येतात. लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतात. ही एवढी गोष्ट पाळली की गर्दीला आपोआप खोली येते. स्टुलावर बसून काढलंत तर रेषा खाली येते आणि उभ्या माणसांची डोकी तिच्या वर जातात, जवळच्यांची जास्त. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काढलंत तर सगळी डोकी रेषेखाली. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे लांबच्या माणसांची डोकीही खाली उतरवणं. मग रस्त्यावर बुटक्यांची रांग उभी राहते.

इमारतींच्या कडा थोड्या वाकड्या गेल्या तर जाऊ द्या. जुन्या वाड्यांच्या तशाही सरळ नसतात.

माणसं काढायची भीती वाटते.

माणसं काढू नका, गाजरं काढा. वर रुंद, खाली निमुळतं, पाऊल नाहीच. वर डोक्याचा छोटा ठिपका, उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढाच, धडापासून किंचित सुटा. डोकं मोठं झालं की लगेच लहान मूल दिसतं. चालणारा माणूस हवा असेल तर गाजर जरासं पुढे कलतं करा. साडीतल्या बाईसाठी खालचा भाग रुंद ठेवा. हातात पिशवी द्यायची तर एका बाजूला एकच ठिपका, आणि त्या बाजूचा खांदा खाली.

मग दोन-दोन, तीन-तीन गाजरं एकमेकांत मिसळा. मंडईत कुणी एकटं सुटं उभं नसतंच. पाठीवर किंवा डोक्यावर उन्हाचा एक उजळ फटकारा दिला की ढीग माणसांचा होतो.

फ्रेंच चित्रकार मोने यांनी पॅरिसमधल्या बुलव्हार दे कॅप्युसिन या रस्त्याचं चित्र 1874 साली पहिल्या इम्प्रेशनिस्ट (तपशिलापेक्षा क्षणाचा उजेड पकडणाऱ्या चित्रकारांच्या) प्रदर्शनात ठेवलं, तेव्हा लुई लरॉय नावाच्या समीक्षकानं त्यातल्या माणसांची जिभेनं चाटल्यासारखे काळे डाग म्हणून टर उडवली होती. आज तेच डाग पाहिले की थंडीत घाईनं चालणारी माणसं दिसतात. त्यांचेच सोबती पिसारो यांनी 1897 मध्ये हॉटेलच्या खिडकीत बसून बुलव्हार मोंमार्त्रची मालिका रंगवली, तिच्यातही माणसं अशीच ठिपक्यांची. तेव्हा तुमच्या डागांना कुणी हसलं तर मनावर घेऊ नका.

दुकानांच्या पाट्या, विजेच्या तारा, रिक्षा यांचं काय?

पाटीवर अक्षरं काढलीत तर पाहणारा चित्र सोडून वाचायला लागतो. पाटीचा रंगीत पट्टा काढा, त्यावर फ्लॅट ब्रशच्या कडेनं एक आडवी फिकट रेघ आणि खाली चार-पाच उभे तुटक ठिपके. शिरोरेषा दिसली की डोळा बाकीची देवनागरी स्वतः पुरी करतो. ही सोय रोमन पाटीला नाही.

तारांपैकी एखादी ठेवा, ती आकाशातून नजरेला मनोऱ्याकडे नेत असेल तरच. रिक्षा म्हणजे काळा डाग, वर पिवळा टोप, खाली सावली. सावली चाकांना चिकटलेली हवी, नाहीतर रिक्षा हवेत तरंगते. आणि जी रिक्षा तुम्हाला आवडलीय ती आधी काढा, ती थांबणार नाही.

फोटोवरून काढलं तर चालेल?

चालेल, पण फोन तुमच्या वतीनं बरेच निर्णय घेऊन मोकळा झालेला असतो. तो सावल्या उजळ करतो, त्यामुळे ताडपत्रीखालची सगळी वांगी मोजता येतात, जी तुम्हाला तिथं उभं असताना दिसली नव्हती. रुंद लेन्समुळे लांबचा मनोरा खेळण्याएवढा होतो आणि जवळची हातगाडी ट्रकएवढी. म्हणून फोटो काळा-पांढरा करा, मनोरा हातानं मोठा करा आणि जागेवर केलेलं काडेपेटी स्केच फोटोपेक्षा जास्त खरं माना. माझा एक मित्र फोटो मुद्दाम हलवून धूसर काढतो. त्याची चित्रं माझ्यापेक्षा बरी असतात.

माझं चित्र मळकट होतं. रंग चांगल्या कंपनीचे आहेत.

दोष कंपनीचा नाही. एक तर तीनपेक्षा जास्त रंग एकत्र मिसळले जाताहेत. किंवा एकाच जागेवर ब्रश पाच-सहा वेळा फिरतोय. ठेवायचा आणि उचलायचा. चुकलं तर घासत बसू नका, सुरीनं खरवडून पुन्हा ठेवा. पाणी किंवा टर्पेंटाइनही बघा: ते चिखल झालं असेल तर पिवळ्याची काय टाप शुद्ध राहायची.

आणखी एक कारण मला आपल्या ग्रेड परीक्षांत दिसतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात आपण भाजीबाजार काढला, प्रत्येक वस्तूत तिचा ‘खरा’ रंग भरला आणि शेवटी काळ्यानं आउटलाइन मारली. ते अंगवळणी पडलेलं असतं. पाहिलेल्या बाजारात टोमॅटो जांभळे असतात आणि आउटलाइन नसते.

मग रंग मनाचे वापरू का? भाव आणायचा म्हणजे काय करायचं?

रंगाशी खेळा, छटेशी नको. सावलीतली भिंत जांभळी करा, हिरवी करा, पण ती उन्हातल्या रस्त्यापेक्षा गडद असली पाहिजे. गडद-उजळाचा हिशेब जुळला की रंगात वाटेल ती मस्ती खपते, आणि तो फिसकटला तर कितीही खरा रंग उपयोगाचा नाही. संध्याकाळी बाजार उठल्यावर मी एकदा आख्खा रस्ता क्रिमसन केला होता. दिसायला कुठंही तसा नव्हता, पण दिवसभराची दमछाक तशीच होती. फटकाऱ्याची दिशाही वापरा: रस्त्यावर आडवे, भिंतींवर उभे, गर्दीत तिरके.

रंगवायच्या सुरीचं काय?

उन्हातल्या भिंतीला आणि पत्र्याला उत्तम. पूर्ण चित्र सुरीनं केलं की बहुधा केकवरचं क्रीम होतं.

लोक मागे उभे राहतात, लाज वाटते.

भिंतीला पाठ लावून बसा. दुकानासमोर बसायचं तर दुकानदाराला आधी विचारा, आणि पहिलं गिऱ्हाईक येण्याच्या वेळेला त्याची वाट अडवू नका. सकाळी आठच्या सुमाराला सगळे आपापल्या कामात असतात. “कितीला देणार?” हा प्रश्न येणारच, उत्तर तयार ठेवा.

पावसाळ्यात काय करायचं?

पावसाळ्यासारखा रस्ता नाही. ओल्या डांबरात सगळं उभं-उभं परावर्तित होतं आणि निम्मे तपशील पाऊसच पुसून टाकतो. चित्रकार एस. एच. रझा यांनी 1940 च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांची जलरंगातली चित्रं केली. ती पाहिल्यावर कळतं, रस्त्याला इमारती मोजून दाखवायची गरज नसते.

परावर्तनं सरळ खाली ओढा, मग एकदाच ब्रश आडवा फिरवा. रंग सुकायला वेळ लागतो, म्हणून दुकानाच्या वळचणीला किंवा गॅलरीत बसा. घरी ठेवलेल्या कॅनव्हासना मागून बुरशी येते, ते भिंतीपासून दोन बोटं सुटे ठेवा.

तैलरंगातलं ओलं चित्र घरी कसं न्यायचं? बसमध्ये तर अशक्यच.

म्हणूनच पिशवीत एकाच मापाचे दोन बोर्ड ठेवायचे. ओल्या बोर्डाच्या चार कोपऱ्यांवर बुचाचे चार तुकडे ठेवा, वर कोरा बोर्ड त्याच्याकडे तोंड करून, आणि दोन्हीकडून जाड रबरबँड. पिशवीत उभं न ठेवता आडवं धरा. कोपऱ्यांवर चार खुणा उमटतात, त्या घरी गेल्यावर बोटानं बुजवा. मी बस सोडून मंडई स्टेशनवरून मेट्रोनं येतो, धक्के कमी बसतात. लिंबं मात्र वेगळ्या पिशवीत.